एनक्वासचं वर्ष: पन्हाळा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रातून

मे 2025 मध्ये आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला एनक्वासचं प्रमाणपत्र मिळालं. मी तिथं स्टाफ नर्स आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण सगळ्यांबद्दल मोकळेपणानं लिहायचंय. ज्यांच्या केंद्राचं नाव यंदाच्या यादीत आलंय आणि चेकलिस्टचा गठ्ठा बघून ज्यांच्या पोटात गोळा आलाय, त्यांना थोडा अंदाज यावा म्हणून हे लिहितेय.

एनक्वास म्हणजे राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं. सरकारी दवाखान्यांसाठी ती 2013 पासून आहेत. आम्हाला ओळखीचं होतं ते कायाकल्प, सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेची योजना, 2015 साली सुरू झालेली. त्यात 70 टक्क्यांच्या वर जाऊन आम्ही 50 हजारांचं प्रोत्साहनपर बक्षीस घेतलं होतं. त्यामुळं सगळ्यांचा समज असा, की पुन्हा एकदा रंगरंगोटी, कुंड्या, पाट्या, झालं काम. तसं नाही. कायाकल्पचा भर स्वच्छतेवर. इथं स्वच्छता आहेच, पण बाळंतिणीला इंजेक्शन कधी दिलं, तपासताना पडदा ओढला का, औषध संपत आलं तर कुणाला कसं कळतं, इथपर्यंत विचारतात. सगळे मुद्दे आठ विभागांत मांडलेले असतात: सेवा, रुग्णाचे हक्क, साधनसामग्री, पूरक सेवा, प्रत्यक्ष उपचार, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि शेवटी निष्पत्ती, म्हणजे आकडे. आम्ही ज्या चेकलिस्टवर काम केलं त्या सहा होत्या: ओपीडी, प्रसूतिगृह, आंतररुग्ण, प्रयोगशाळा, राष्ट्रीय कार्यक्रम आणि सामान्य प्रशासन.

जून 2024 मध्ये तालुक्याच्या बैठकीत आमचं नाव वाचलं गेलं. परत आल्यावर आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी नोडल, म्हणजे या कामाची जबाबदार व्यक्ती, म्हणून माझं नाव घातलं. "सिस्टर, इथलं सगळं तुमच्या डोक्यात आहे. तुम्हीच करा." ऐकायला बरं वाटलं. पहिल्याच तपासणीत कळलं, की दवाखान्याचा सगळ्यात मोठा गॅप, म्हणजे उणीव, तीच आहे: सगळं एकाच डोक्यात असणं.

जूनअखेरीस जिल्ह्याचे क्वालिटी कोऑर्डिनेटर आणि दुसऱ्या केंद्रातल्या एक सिस्टर आल्या. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. मुद्द्यापुढं तपासायची पद्धत लिहिलेली असते: डोळ्यांनी बघणं, कर्मचाऱ्याला विचारणं, रेकॉर्ड बघणं किंवा रुग्णाला विचारणं. तो रकाना आधी वाचा. आपण सगळे फायली करायला धावतो, आणि जिथं 'कर्मचाऱ्याला विचारा' लिहिलंय तिथं फाईल कितीही देखणी असली तरी गुण मिळत नाहीत.

प्रसूतिगृहात त्यांनी मला बाहेर थांबवलं आणि आमच्या नव्या कंत्राटी सिस्टरला विचारलं, "रात्री दोन वाजता बाई बाळंत झाली, रक्तस्राव थांबत नाही. काय काय लागेल ते आणून दाखवा." तिला उपचार अचूक माहीत होते. रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन फ्रीजमध्ये असतं, हेही माहीत होतं. पण त्या खोलीची रात्रीची किल्ली फार्मासिस्ट भाऊंच्या कपाटात वरच्या खणात असते, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. ती दार वाजवत राहिली. कोऑर्डिनेटर काही बोलले नाहीत, नुसतं घड्याळाकडं बघत होते.

मग आमच्या साफसफाईच्या मावशींची पाळी. बारा वर्षं त्या दवाखाना झाडतात, पुसतात. जंतुनाशक द्रावणाबद्दल विचारलं, "एक टक्का हायपोक्लोराइट कसं करता?"

"बादलीत वतायचं."

"किती?"

"वासावरनंच कळतंय की ओ."

शून्य.

एकूण गुण आले 54 टक्के. पास व्हायला एकूण 70 लागतात, शिवाय प्रत्येक चेकलिस्टमध्ये आणि आठही विभागांत वेगवेगळे 70. म्हणजे ओपीडी उत्तम आणि प्रयोगशाळा ढिली, असं चालत नाही. रुग्णांच्या हक्कांत आणि गुणवत्ता व्यवस्थापनात आमची अवस्था वाईट होती. त्या संध्याकाळी कुणी कुणाशी फारसं बोललं नाही. सुरुवातीला 50-55 येणं नेहमीचंच असतं, हे मला नंतर इतर केंद्रांतल्या सिस्टरांकडून कळलं. तुमचेही तेवढेच आले तर घाबरू नका.

जुलै मात्र पाण्यात गेला. महिनाअखेरीस पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोका पातळी ओलांडली. आमच्याकडं पुरापेक्षा रस्ते बंद होण्याचा त्रास. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, पाण्याचे नमुने, लेप्टोस्पायरोसिस टाळायच्या गोळ्या, यातच सगळे अडकले. एनक्वासची फाईल कपाटावर पडून. कोल्हापूर जिल्ह्यात हे काम काढायचं तर जुलै-ऑगस्ट हिशेबात धरूच नका, असं मी आता सांगते.

गणपतीच्या आधी खरं काम सुरू झालं. कोऑर्डिनेटरनी एक चांगली गोष्ट शिकवली: गॅपचे तीन ढीग करा. बिनपैशाचे, रुग्ण कल्याण समितीच्या, म्हणजे केंद्राच्याच स्थानिक समितीच्या, पैशातून होणारे आणि वरून यावे लागणारे. वरून येणाऱ्यांत आमचा रॅम्प, गळकं छत आणि एक रिकामं पद होतं. त्यांची पत्रं पाठवून पोच फाईलला लावायची आणि ते विसरून कामाला लागायचं. पोच महत्त्वाची, कारण तुम्ही पाठपुरावा केला होता का, हे तपासणीत बघतात. सगळ्यात उंच ढीग बिनपैशाचा निघाला, हे आम्हाला कुणालाच अपेक्षित नव्हतं.

किल्लीपासूनच सुरुवात केली. प्रसूतिगृहाच्या भिंतीवर काचेची पेटी, त्यात किल्ली, वर नंबर. ट्रे सात असतात: प्रसूतीचा, एपिसिओटॉमीचा (बाळंतपणात घ्यायच्या छेदाचा), बाळाचा, औषधांचा, तातडीच्या औषधांचा, एमव्हीएचा (गर्भपिशवी साफ करायचा) आणि पीपीआययूसीडीचा (बाळंतपणानंतर तांबी बसवायचा). प्रत्येकावर आत काय आणि किती, एक्सपायरी कधी, याचा कागद चिकटवला. दर पाळीला घेणाऱ्या आणि देणाऱ्या दोघींनी सह्या करायच्या. रक्तस्राव, झटके आणि न रडणारं बाळ, या तीन प्रसंगांत कोण काय करेल ते मोठ्या अक्षरांत लावलं. ते लिहायला मी आणि नवी सिस्टर बसलो, तेव्हा ती मला सारखी विचारायची, "हे तुम्हाला कसं कळतं?" मला उत्तर देता यायचं नाही. हात आपोआप तिकडं जातो, एवढंच. पण 'हात जातो' असं एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, लिहिता येत नाही. तिच्या प्रश्नांमुळंच ती एसओपी वाचण्यालायक झाली. नेटवरून दुसऱ्या केंद्राची एसओपी उतरवून नाव बदलणारे बरेच असतात. तपासनीस पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात, कारण त्यात तुमच्याकडं नसलेल्या खोल्या असतात.

मावशींसाठी कागद उपयोगाचा नव्हता. आमच्याकडं येणारं द्रावण पाच टक्क्यांचं. म्हणजे एक मग द्रावण, चार मग पाणी. लाल रंगानं बादलीला आतून दोन रेघा मारल्या, खालची द्रावणाची, वरची पाण्याची. मग बाजूला टांगला. रोज ताजं करायचं आणि वेळ पाटीवर लिहायची. मावशींना लिहिता येत नाही, म्हणून त्या घड्याळाचं चित्र काढून काटे दाखवायच्या. तपासणीत ते चाललं.

जैविक कचऱ्याचं तसं आम्हाला येत होतं. 2016 च्या नियमांप्रमाणं पिवळ्या डब्यात बाळंतपणातली वार आणि रक्ताळलेला कापूस, लाल डब्यात सलाईनचे सेट आणि सुई काढलेल्या सिरिंज, पांढऱ्यात सुया-ब्लेड, निळ्यात काच. अडचण होती ती डबे पायाशी कुठंही पडण्याची. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका फॅब्रिकेशनवाल्याकडून पायानं झाकण उघडणारे स्टँड करून घेतले, सगळे मिळून सहा हजारांच्या आसपास. तयार स्टँडचं कोटेशन याच्या दुप्पट होतं. कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, असा नियम आहे. पावसाळ्यात गाडी आली नाही तर काय, हे विचारतातच. आम्ही फोन केल्याची तारीख-वेळ रजिस्टरला लिहायला लागलो. सुई टोचली तर काय करायचं, हे प्रत्येकाला पाठ हवं: जागा साबणानं धुवायची, पिळायची नाही, लगेच कळवायचं आणि एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जमेल तर दोन तासांत, 72 तासांनंतर मात्र नाही. हा प्रश्न शिपायालाही विचारला गेला.

लसींच्या फ्रीजचं रजिस्टर ही दुखरी गोष्ट. तापमान 2 ते 8 अंशांत हवं आणि नोंद दिवसातून दोनदा, रविवार आणि सणासकट. जुनं रजिस्टर उघडलं तर प्रत्येक रविवारी एकच अक्षर, एकच पेन आणि तापमान चार. दिवाळीलाही चार. कुणावर ओरडून उपयोग नव्हता. रविवारी कुणी नोंद घ्यायची हे ठरलेलंच नव्हतं. रोटेशन लावलं, भिंतीवर नावं लावली. पुढच्या महिन्यात रविवारी कधी पाच, कधी सहा दिसायला लागले आणि मॅडम म्हणाल्या, "आता खरं वाटतंय."

आता रुग्ण समाधान सर्वेक्षणाबद्दल, कारण बहुतेक ठिकाणी हे बसल्या जागी भरलं जातं. आम्ही महिन्याला तीस ओपीडी रुग्णांना विचारायचं ठरवलं. पहिल्या महिन्यात सगळं 'उत्तम'. कसं नसेल? समोर सिस्टर उभी, हातात अजून गोळ्या मिळायच्यात. "चांगलं हाय की, काय वाईट न्हाई." सगळ्यांचं तेच. मग दोन बदल केले. विचारायला गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) ताई, तेही एसटीच्या थांब्यावर, रुग्ण मोकळा झाल्यावर. आणि 'सेवा कशी वाटली' याच्या जोडीला, किती वाजता आलात, किती वाजता मोकळं झालात, कुठं ताटकळलात, असं विचारायचं.

मग एकेक बाहेर यायला लागलं. बायकांच्या संडासाला आतून कडी नाही, म्हणून बाया घरून पाणी न पिता येतात. बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला आलेली म्हातारी माणसं तापाच्या पेशंटच्या रांगेत दीड तास उभी असतात आणि तोवर त्यांची परतीची गाडी जाते. एका सुनेनं सांगितलेलं तर मला आजही आठवतं. वजनकाटा व्हरांड्यात होता. वजन मोठ्यानं सांगायचं, पलीकडच्या टेबलावर ते लिहून घ्यायचे आणि तिथूनच विचारायचे, "कितवा महिना?" तिनं घरात अजून सांगितलं नव्हतं. त्याच रांगेत तिच्या चुलत सासूबाई बसल्या होत्या.

कडीला किती पैसे लागले ते लिहायलाही लाज वाटते. वजनकाटा पडद्याआड नेला आणि तिथंच लिहिणारा बसवला. गोळ्यांची रांग वेगळी केली, त्यांचा वेळ दीड तासावरून पाऊण तासावर आला. रुग्णांच्या हक्कांत आमचे गुण वाढले ते मुख्यतः एवढ्यावर. नागरिकांच्या सनदेचा मोठा बोर्ड लावला त्याचेही मिळाले, पण तो बोर्ड वाचताना मी कुणाला बघितलेलं नाही.

पैशाचं सांगते. रुग्ण कल्याण समिती, देखभाल आणि अबंधित (कुठल्या एका कामाला न बांधलेला) निधी मिळून आमच्याकडं 1 लाख 75 हजारांची तरतूद होती, आणि ती एका वेळी हातात येत नाही. बोर्डांना 18-19 हजार, पडदे आणि स्क्रीनला पाचेक हजार, बीपी मशीन, वजनकाटे वगैरेच्या कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासून घ्यायला, सात हजार, अग्निशामक नळकांडी भरून घ्यायला दोन-अडीच. प्रत्येक खरेदीला तीन कोटेशनं आणि समितीच्या सभेचा ठराव. आम्ही ऑक्टोबरची सभा दसऱ्यानंतर ठेवली होती आणि नेमकी 15 तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. निकाल 23 नोव्हेंबरला. जे ठराव आधी झाले होते तेवढेच पुढं सरकले, बाकी सगळं डिसेंबरवर गेलं. निवडणुकीचं वर्ष असेल तर ठराव लवकर उरकून घ्या.

परवान्यांना वेळ लागतो, म्हणून ते पहिल्या दिवशी हातात घ्या. जैविक कचऱ्याचं प्राधिकारपत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून, अर्ज ऑनलाइन. आमचं होतं, पण पूर्वीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावावर, आणि लॉगिन कुणाकडं ते कुणालाच माहीत नव्हतं. ते सोडवायला कागदांपेक्षा फोन जास्त लागले. पासवर्ड आता सीलबंद पाकिटात मॅडमच्या कपाटात आहे. मागच्या कॅलेंडर वर्षाचा वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंत भरायचा असतो, त्याची प्रतही मागतात. याखेरीज पाण्याच्या टाकीच्या सफाईची तारीख, पाण्याचा तपासणी अहवाल आणि प्रयोगशाळेची बाह्य गुणवत्ता तपासणी. ही शेवटची सगळ्यात चिवट. बाहेरून नमुना येतो, आपण तपासून उत्तर पाठवायचं, मग त्यांचा अहवाल येतो. नोंदणीपासून पहिला अहवाल हातात पडेपर्यंत काही महिने गेले. आमच्या तंत्रज्ञ दादांनी सप्टेंबरात पैसे भरले नसते तर पुढचं सगळंच अडलं असतं.

जानेवारी 2025 मध्ये राज्याची तपासणी झाली. गळीत हंगाम ऐन भरात, आसपासच्या फडांवर बीडकडची ऊसतोड कुटुंबं उतरलेली. तपासनीस असतानाच दुपारी एक ऊसतोड बाई ट्रॅक्टरमधून आली, कळा सुरू झालेल्या, कागद एकही नाही. मी त्या वेळी तपासनीसांबरोबर औषध भांडारात होते, लवकर संपणारी औषधं पुढं आणि सारख्या नावांची वेगळी कशी ठेवतो ते दाखवत. मी निघाले तर त्यांनी हातानं थांबवलं. "बघू दे की त्यांना." नव्या सिस्टरनं दाखल करून घेतलं, पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता, भरला, सोबत आलेल्या जावेला आत थांबू दिलं. बाळ झाल्यावर मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन दिलं आणि वेळ लिहिली. मुलगी झाली, पावणेतीन किलोची. मी त्या खोलीत गेलेच नाही. राज्याच्या तपासणीत 78 टक्के पडले आणि केंद्र सरकारकडं नाव गेलं.

मग वाट बघणं. या काळात सगळं सैल होतं, सांभाळा. आम्ही दर शनिवारी शेवटच्या अर्ध्या तासात एकमेकांना प्रश्न विचारायचं ठरवलं, चेकलिस्टमधूनच. शिपाई मामा डॉक्टरांना विचारायचे. हसू व्हायचं, पण पाठ झालं.

मार्चमध्ये राष्ट्रीय तपासणी झाली. दोन तपासनीस, दोघेही परराज्यातले, बोलणं हिंदीत. याची धास्ती सगळ्यांना होती, कारण आमच्या निम्म्या लोकांची हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेलं. पहिल्या सभेत मॅडमनी स्पष्ट सांगितलं, की कर्मचारी मराठीत उत्तर देतील, आम्ही सांगू. ते लगेच हो म्हणाले. त्यामुळं तुम्हीही आधीच सांगून टाका. तपासनीस पोलिसासारखे नव्हते. समजलं नाही तर प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारत. पण दाखवा म्हटल्यावर दाखवावं लागतं. हात धुण्याच्या पायऱ्या ड्रायव्हरकडूनही करून घेतल्या.

मावशींना त्यांनी तोच प्रश्न विचारला. मावशी काही न बोलता बादली घेऊन आल्या, लाल रेघेपर्यंत द्रावण, मग वरच्या रेघेपर्यंत पाणी, आणि पाटीवर घड्याळ काढलं. वर विचारलं, "आता वास घिऊन बघताय काय?" भाषांतर करायचं धाडस कुणी केलं नाही.

शेवटच्या सभेत त्यांनी उणिवा वाचून दाखवल्या. रॅम्प, प्रिस्क्रिप्शन ऑडिटमध्ये (डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या तपासणीत) निष्कर्ष आहेत पण पुढं काय केलं ते नाही, आणि प्रयोगशाळेत अभिकर्मकांच्या (तपासण्यांना लागणाऱ्या रसायनांच्या) साठ्याची नोंद अपुरी. वाद घालू नये. पुरावा असेल तर तिथंच दाखवावा, नंतर पाठवतो म्हणून चालत नाही. निकाल मे महिन्यात आला: एकूण 84, प्रयोगशाळा जेमतेम 71. प्रमाणपत्र तीन वर्षांचं, मधल्या दोन वर्षांत राज्याची पाहणी.

प्रमाणपत्राबरोबर बक्षीस मिळतं. त्या रकमेतले 75 टक्के आरोग्य केंद्राच्या सुधारणेला आणि 25 टक्के कर्मचाऱ्यांना. यावरून मात्र वाजलं. कंत्राटी लोकांना द्यायचं का, मावशी तर एजन्सीच्या, त्यांना कसं, पगाराच्या प्रमाणात की समान. सभा तासभर चालली. शेवटी मॅडम म्हणाल्या, तपासनीसांनी ज्यांना ज्यांना प्रश्न विचारले त्या सगळ्यांना समान, आणि तसा ठराव झाला. तपासनीसांनी ड्रायव्हरलासुद्धा सोडलं नव्हतं, त्यामुळं कुणी बाहेर राहिलं नाही. हे वाटप आधीच, निकाल यायच्या आत ठरवून ठेवा. रक्कम समोर दिसायला लागल्यावर बोलणी अवघड होतात.

75 टक्क्यांतून प्रयोगशाळेचं कपाट आणि ओपीडीबाहेर पत्र्याची शेड धरलीय, कोटेशनं मागवलीत. पुढच्या पाहणीसाठी नोडल म्हणून नव्या सिस्टरचं नाव दिलंय. चेकलिस्टमध्ये कुणाला काही अडलं तर तिला किंवा मला केंद्रावर येऊन विचारा, फक्त सकाळची ओपीडी साडेबाराला संपल्यावर या.